धोंडीला गेलेली मादी

आमच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर ह्यांना एक बेडूक सापडला. कुणाला शेतात मोहरांचा हंडा सापडतो, ह्यांना बेडूक सापडला. तोही जगात अजून कुणी लिहून न ठेवलेला, असं ह्यांचं म्हणणं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यातलं खरंखोटं मला तेव्हा ठरवता येत नव्हतं, आजही येत नाही. डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगते.

हे धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांपुढे झुरळ, बेडूक, उंदीर कापून दाखवायचं काम. प्रोफेसरांच्या खालची जागा, आणि वर चढायला लागते ती पदवी ह्यांच्याकडे नव्हती. पावसाळा लागला की रविवारी साक्रीमार्गे नवापूरच्या गाडीने जंगलात जायचे. नवापूर तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. हातात डालड्याचा रिकामा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. गाडीत कुणी विचारलं, डब्यात काय, तर हे खरं सांगायचे आणि शेजारची जागा रिकामी व्हायची.

एकाहत्तरच्या श्रावणात एका संध्याकाळी हे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आले, सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि डबा माझ्या परातीत उपडा केला.

"ही पिठाची परात आहे," मी म्हणाले.

"मोरीत ठेवला तर पळून जाईल."

"मग जाऊ दे पळून."

"अगं, हा कुठल्याच पुस्तकात नाही!"

"पुस्तकात नाही म्हणून पिठात घालता?"

ह्यांना माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं. भिंग लावून परातीवर ओणवे झाले होते. मग मलाही भिंग दिलं. लहान लिंबाएवढा प्राणी. आपला पावसाळी बेडूक गुळगुळीत असतो, तसा हा नव्हता. पाठीवर चामखिळी, रंग सागाच्या वाळक्या पानासारखा. पालापाचोळ्यात बसला तर पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. अशा खरखरीत बेडकाला भेक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. कानामागे दोन गाठी होत्या. हे म्हणाले, गाठी सगळ्याच भेकांना असतात, पण लांबट असतात, ह्याच्या बघ, वाटाण्यासारख्या गोल आहेत. बोटांच्या मधे पडदा नाही. मांडीच्या आतल्या बाजूला बारीक पांढुरके ठिपके. मी म्हणाले, बघितले, आता परात घासू द्या.

त्यानंतर वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. नवीन प्राणी नुसता सापडून भागत नाही, त्याचं वर्णन करावं लागतं. नाकापासून नखापर्यंत मापं घ्यायची, त्याच्यासारख्या बाकी सगळ्यांशी ताडून बघायचं आणि हा वेगळा का ते इंग्रजीत छापून आणायचं. ज्याच्यावरून वर्णन केलं तो प्राणी बाटलीत घालून संग्रहालयात कायमचा ठेवायचा, म्हणजे पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी बाटली काढून बघता येते. असं झालं की तो बेडूक आहे असं धरतात. तोवर तो नाहीच. मी म्हणाले, आपल्या जन्माच्या दाखल्यासारखंच की. हे म्हणाले, तसंच.

ह्यांचा बेडूक थोड्याच दिवसांत मेला. हे त्याला कॉलेजात नेऊन बाटलीत ठेवून आले. खात्याच्या प्रमुखांनी बाटली न उचलताच सांगितलं, "साधा बेडूक आहे हो, वाढ खुंटलेला." शिपाईसुद्धा ह्यांना बेडूकवाले सर म्हणायला लागला.

पुढच्या मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. बेडकांतले मोठे जाणकार होते. ह्यांनी त्यांना जेवायला बोलावलं. मी झणझणीत भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मागून घेत होते. जेवण झाल्यावर ह्यांनी पिशवीतून बाटली काढली. साहेबांनी बेडूक बशीत घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बोटं, गाठी, मांड्या उलटून-पालटून बघितल्या. ह्यांच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"नवीन वाटतोय," साहेब म्हणाले.

ह्यांनी सुपारी खाली ठेवली.

"पण हे पिल्लू आहे. पूर्ण वाढलेला नर आणि मादी आणा. जमलं तर अंडी, त्यांतून निघालेली पिल्लं. भेकांची पिल्लं बघितली की वाद उरत नाही. एवढं आणा, आपण दोघं मिळून छापू. तुमचं नाव आधी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, भरीत फार छान होतं, पण मी आता दोन दिवस काही खाणार नाही."

त्यानंतर हे पावसाळ्याची वाट बघत बसले. तो पावसाळा बहात्तर सालचा होता. आमच्याकडच्या माणसाला यापुढे सांगायला लागत नाही.

जूनमध्ये पश्चिमेकडे दोन-चार सरी पडल्या. हे निघाले, पिशव्या धरायला मला बरोबर नेलं. नवापूरच्या पुढे एका फाट्यावर उतरून आम्ही चढावर चाललो. सागाच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने साल तासून आकडे ठोकलेले होते. वाटेत भेटलेला जंगलखात्याचा माणूस म्हणाला, ह्या कुपाची, म्हणजे जंगलाच्या ह्या तुकड्याची, तोड दिवाळीनंतर, अख्खा उतार साफ होणार. हे पटापट चालायला लागले.

ओढ्यापाशी गेलो तर एका डबक्यातून कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज येत होता. ह्यांनी मला हाताने थांबवलं आणि चिखलात गुडघ्यांवर बसले. पाचोळा बाजूला केला तर दोन बेडूक, नर मादीच्या पाठीवर घट्ट बसलेला. मी तोंड फिरवलं.

"लाजतेस काय? बेडूक आहेत."

"तुम्ही तरी कुठे डोळे मिटलेत?"

हे हसले. लग्नानंतर ह्यांना मी असं हसताना फार वेळा बघितलेलं नाही. मादी नराच्या दीडपट होती, पोट टम्म फुगलेलं. डब्यात घालताना नर तिच्या पाठीवरून सुटला, पण ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. पाऊस पडला की परत बसेल, आठ-पंधरा दिवसांत अंडी होतील म्हणाले.

पाऊस पडलाच नाही. धुळ्याला नळ दिवसाआड यायचा, मग चार दिवसांनी यायला लागला. पत्र्याच्या खोलीत माणसं भाजत होती तिथे बेडूक काय टिकणार! मी म्हणाले, मारून बाटलीत घाला, नर झाला, मादी झाली, साहेबांना द्या नेऊन. खरं सांगायचं तर मला ती ब्याद घरातून जायला हवी होती. हे म्हणाले, "पोटात अंडी आहेत. अंडी घालू दे. एकदा पिल्लं हातात आली की कुणाची बोलायची टाप नाही." हे कुणी म्हणजे खात्याचे प्रमुख, मला कळत होतं.

ह्यांचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. तिथे आमचं मातीच्या धाब्याचं घर, आतली खोली मे महिन्यातही थंड, आणि घरामागच्या आडाला थोडं पाणी होतं. सासूबाई एकट्या राहायच्या. ह्यांनी ठरवलं, बेडूक गावी ठेवायचे. ह्यांना कॉलेज होतं, म्हणून बेडकांबरोबर माझी पाठवणी झाली. रांजणात ओली माती आणि पाला घातला, वर ओलं गोणपाट बांधलं. सरपणातली वाळवी झटकून त्यांना खायला घालायची, मातीवर पाणी शिंपडायचं, एवढंच माझं काम. हे शनिवारी यायचे, आधी रांजणात डोकावायचे, मग चप्पल काढायचे.

सासूबाईंना गाव अक्का म्हणायचं. बाई कष्टाळू, स्वभावाने सरळ, पण एकदा मनात आलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. त्यांची म्हैस चाऱ्याविना खांबाला टेकून उभी असायची. बैल त्यांनी आधीच भावाकडे पाठवले होते. गावच्या विहिरीत पोहरा खरवडून निघायला लागला तेव्हा धोंडी काढायचं ठरलं.

धोंडी म्हणजे मुसळाला बेडूक बांधायचा, भोवती कडुलिंबाचा पाला, आणि बायकांनी गाणी म्हणत ते मुसळ दारोदार न्यायचं. प्रत्येक घरचा माणूस बेडकावर पाणी ओततो आणि पाऊस मागतो. शेवटी बेडूक पाण्यात सोडतात. मी लहानपणी माहेरी ह्याच्यामागे नाचलेली आहे. त्यामुळे एका शनिवारी सकाळी आमच्या दारात मुसळ घेऊन बायका उभ्या राहिल्या तेव्हा त्या कशाला आल्या हे मला कुणी सांगायला लागलं नाही. पुढे आबा होते. गावात ज्यांचा शब्द चालायचा असे एक म्हातारे.

"अक्का, तुम्हना घरमा दोन बेडूक शेतस ना?" आबा म्हणाले. "बठ्ठी नदी धुंडी, एक बी सापडना नही."

सासूबाईंच्या आधी मीच बोलले. "ते आपले नाहीत आबा, कॉलेजचे आहेत."

मागून एक बाई म्हणाली, "कालेजना शे तर काय पाटलोण घालस का?" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर.

मी म्हणाले, दुपारनंतर हे येतील, त्यांना विचारा, तोवर थांबा. आबा म्हणाले, बाया सकाळपासून उपाशी आहेत, किती थांबायचं? मग एका म्हातारीने ते बोलून दाखवलं. बाकीच्यांच्या मनातही तेच असणार.

"पानीना जीव तुम्ही घरमा कोंडी ठेवा, मंग पानी कसं पडी, मास्तरीणबाई?"

आता कुणी हसलं नाही. गावात त्या वर्षी चूल दिवसाआड पेटत होती. त्या बायकांचे चेहरे मी बघितले आणि ह्यांचं छापणं-बिपणं त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही. काय सांगणार होते? मुंबईच्या साहेबांना हवाय म्हणून?

"एक नेतील," सासूबाई मला म्हणाल्या, "एक राहील तुझ्या नवऱ्याला." आणि रांजणाचं गोणपाट सोडलं.

मी म्हणाले, मग तो छोटा द्या. नर तरी जायचा, अंडी तरी राहतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आबांना काय, कुठलाही चालला असता. पण सासूबाईंनी दोन्ही बेडूक हातांवर घेतले आणि मादी बायकांना दाखवली.

"हाई पोटुशी शे. हाईच चांगली."

बायकांना ते एकदम पटलं. भरल्या पोटाची म्हणजे शुभ. पाऊस मागायला ह्याहून चांगलं काय! कुणीतरी हळद आणली, कुणी कुंकू, कुणी मूठभर ज्वारी. मुसळाला बांधायच्या आधी त्यांनी माझ्या अंगणात तिची ओटी भरली. एखाद्या लेकीची भरावी तशी, अगदी मनापासून. पाठीवर, पोटावर हळद चोळली. ती पाय ताणत होती. मी म्हणाले, अहो, कातडी नाजूक असते त्यांची. सासूबाई म्हणाल्या, "तू चूप बठ." मी चूप बसले. दुसरं काय करणार होते? त्यांचं घर, त्यांचं गाव, आणि बेडूक माझाही नव्हता.

हे त्या दिवशी नेमके लवकर आले. दुपारची गाडी मिळाली होती. फाट्यावरून चालत गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा धोंडी परत आमच्याच दारापाशी पोचत होती. आपलं घर शेवटी घ्यायचं असं सासूबाईंनीच ठरवलं होतं आणि मुसळ त्यांच्याच खांद्यावर होतं. ऊन असं की पायाखालची माती भाजत होती. ह्यांनी मुसळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांना सगळं कळलं.

सासूबाई घामाने निथळत होत्या, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पोरगा वेळेवर आला म्हणून. माझ्या हातातला गडू घेऊन त्यांनी ह्यांच्या हातात दिला.

"टाक ना पानी, काय देखी राह्यना?"

ह्यांनी पाणी टाकलं. बाकी घरांतून वाटीभर पाणी पडत होतं, कारण कुणाकडे नव्हतंच. ह्यांनी अख्खा गडू ओतला, धार बारीक करून, तिच्या पाठीवरून, डोक्यावरून, पोटाखालून. बोटाने डोळ्यांवरची हळद धुतली. मग घरात गेले आणि प्यायच्या पाण्याची कळशी उचलून आणली. तीही ओतली. ते कातडी ओली ठेवत होते. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, कोरडी पडली की गेला, हे मला माहीत होतं. बायकांना ते माहीत नव्हतं.

"मास्तरनी भक्ती देखा!" सकाळी पाटलोणीवरून बोलली होती तीच बाई म्हणाली आणि तिने ह्यांच्याकडे बघून हात जोडले.

विहिरीपर्यंत हे मुसळाच्या बाजूने चालत गेले, कळशीत उरलेलं पाणी हाताने शिंपडत. विहिरीच्या काठावर दोऱ्या सोडताना हे आबांच्या जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "आबा, पूजा झाली. आता मला परत द्याल का ती?"

"देवले दियेल वस्तू परत मांगतस का रे भाऊ?" आबा म्हणाले. रागावून नाही. लहान मुलाला समजवावं तसं.

ह्यांनी आईकडे बघितलं. आई डोळे मिटून, पदर पसरून आभाळाकडे तोंड करून उभी होती. आबांनी मादीला नारळाबरोबर विहिरीत सोडलं. मी काठावरून वाकून बघितलं. तळाला गढूळ पाणी होतं, तेवढ्यात ती कुठे गेली ते दिसलं नाही. हे म्हणाले, सोडताना तिचा मागचा पाय हलला. मला हललेला दिसला नव्हता, पण मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईच्या पोहऱ्यात ती आली. बाई किंचाळली, पोहरा टाकून पळाली. ह्यांनी धावत जाऊन मादीला उचललं, पण एका रात्रीत उकाड्याने तिची कातडी सुटून लोंबत होती. गाठी, चामखिळी, ठिपके, ज्यांच्यावरून ओळखायचं ते सगळं गेलं होतं. बाटलीत घालायलाही घरात काही नव्हतं. दारूबंदीचे दिवस, स्पिरिट कॉलेजात कुलपाआड. ह्यांनी दाढीच्या पात्याने पोट कापलं. आत अंडी होती, काळी, मोहरीसारखी.

"बघ," हे म्हणाले.

मी ते सगळं पानावर घेऊन उकिरड्यावर पुरून आले. नर ह्यांनी त्याच दिवशी धुळ्याला नेऊन बाटलीत घातला.

दिवाळीत हे मुंबईला जाऊन साहेबांना भेटून आले. एक पिल्लू आणि एक नर, एवढ्यावर साहेब छापायला तयार नव्हते. लोक म्हणतील हा नेहमीच्याच भेकाचा थोडा वेगळा नर आहे. मादी पाहिजे. ह्यांनी मादीचं काय झालं ते सांगितलं तेव्हा साहेब म्हणे आधी हसले, मग ह्यांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. पुढच्या पावसाळ्यात परत प्रयत्न करा, म्हणाले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. आम्ही दोघं त्या फाट्यावर उतरलो. उतार मोकळा होता. नुसती खोडं, आणि ओढ्यातून लाल माती वाहून चाललेली. आम्ही दिवसभर फिरलो. साधे बेडूक भरपूर होते. हे त्यानंतरही बरीच वर्षं गेले, दुसऱ्या ओढ्यांवर, दुसऱ्या डोंगरांवर. एकटेच. मी नंतर विचारणं सोडून दिलं. साहेबही पुढे वारले.

सासूबाईंना ह्यातलं काही आम्ही कधी सांगितलं नाही. सांगून काय त्यांना कळणार होतं, आणि कळलं असतं तर ते जास्तच वाईट. बहात्तरला धोंडी काढली आणि त्र्याहत्तरला पाऊस आला, मधलं वर्ष त्यांच्या हिशोबात नव्हतंच. माझ्या पोराने जंगलातून आणलेल्या बेडकाने गावाला पाऊस दिला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. हे ओट्यावर बसलेले असायचे, ऐकायचे.

एकदा शेजारची नवी सून कौतुकाने विचारायला लागली, "अक्का, कसा होता हो तो बेडूक?"

"पिवळा," सासूबाई म्हणाल्या. "सोन्यासारखा पिवळा. इचार ना त्याले."

तिने ह्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"हो," हे म्हणाले, "पिवळाच होता."